शून्यावर आणून द्यायची दुर्बीण

बाबा, काल मी तुमची दुर्बीण पुन्हा बाहेर काढली. तुमची म्हणजे मी तुम्हाला दिलेली आणि तुम्ही मला परत केलेली. तशी ती धड कोणाचीच नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि त्याच्याही आधीपासून ती माझ्या कपाटात वरच्या फळीवर डब्यात बसून होती. आतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी दर पावसाळ्याआधी बदलत होते, कारण खाडीकाठच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते हे तुम्हीच शिकवलेलं. पुड्या बदलायच्या आणि डबा बंद करायचा, बस. तिच्यातून बघायचं मात्र मी टाळत आले. मी एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू तुम्ही परत केलीत याचा मला राग होता, आणि तुम्ही गेल्यावरही तो गेला नव्हता. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, तो तुमच्यावरच गेलाय. गेल्या रविवारी तो राग एका क्षणात संपला, आणि त्याच्या जागी जे आलंय ते सांगायला दुसरं माणूस सापडेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

बंदरातल्या तुमच्या सिग्नल स्टेशनवर तुम्ही मला एकदाच नेलं होतं. मी तिसरीत असेन. अरुंद लोखंडी जिना, वर चारी बाजूंनी काचा असलेली खोली, टेबलावर उघडं रजिस्टर, आणि खिडकीशी खिळ्याला टांगलेली ती जाडजूड काळी दुर्बीण. बंदरात शिरणाऱ्या जहाजाचं नाव आणि झेंडा तिच्यातून वाचून रजिस्टरमध्ये लिहायचं, हे तुमचं काम. तिला मधलं चाक नव्हतं. दोन्ही नळ्यांना डोळ्यापाशी वेगवेगळं कडं. डावं डाव्या डोळ्यापुरतं फिरवायचं, उजवं उजव्यापुरतं, आणि एकदा जमलं की लांबचं सगळं आपोआप स्वच्छ. तुम्ही तिघं आळीपाळीने ड्युटीवर असायचात आणि तिघांचे डोळे वेगळे, म्हणून कड्यांवर ऑइलपेंटचे तीन रंगांचे ठिपके होते. तुमचा लाल. पाळी संपली तेव्हा तुम्ही दोन्ही कडी शून्यावर आणलीत, मगच दुर्बीण पुढच्या माणसाच्या हातात दिलीत. मी विचारलं, "ते काका त्यांच्या ठिपक्यावर नेणारच आहेत ना, मग तुम्ही कशाला फिरवता?" तर म्हणालात, "आपला नंबर दुसऱ्याच्या डोळ्यावर ठेवून जायचं नाही. त्याला वाटेल आपलेच डोळे बिघडले." हे वाक्य मला अक्षरशः आठवतंय, आणि तेच मला आता झोपताना, जेवताना, ऑफिसात फाइल उघडताना ऐकू येतं.

मग भंगारात निघालेल्या जहाजाच्या सामानातून तुम्ही स्वतःसाठी तशीच एक मिळवलीत, सातपट दाखवणारी, पुढची भिंगं पन्नास मिलिमीटरची. तिच्या कड्यावरही लाल ठिपका दिलात. घरात मी सारखी कडी फिरवायचे म्हणून तुम्ही तुमच्या नंबरवर काळी चिकटपट्टी गुंडाळून टाकलीत. मी ती नखाने सोलली, तर पाठीत असा धपाटा बसला की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली, माझ्या बाजूने. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून करावे गावच्या खाडीच्या बांधावर नेलंत, स्वतःच्या हाताने पट्टी काढलीत, कडी शून्यावर आणलीत आणि माझ्यासाठी बसवायला घेतलीत. मी बांधावर उभी आहे. तुमचा तळवा उजव्या नळीपुढे धरलेला. "आधी डावा डोळा. घाई नाही. ते पाखरू दिसेपर्यंत फिरव. आता हात इकडे घेतो, आता उजवा." माझ्या उजव्या डोळ्यासाठी कडं जवळजवळ टोकापर्यंत न्यावं लागलं, आणि त्यावरूनच तुम्हाला कळलं की या पोरीला चष्मा लागणार. धुरकट गुलाबी पट्ट्याचे एकदम पाय झाले, माना झाल्या, फ्लेमिंगोंच्या उलट्या वळलेल्या चोची झाल्या. मी किंचाळले होते. तुम्ही हसला होतात, आणि घरी जाताना दुर्बीण पुन्हा तुमच्या नंबरवर आणून नवी पट्टी लावली होतीत.

त्या जुन्या दुर्बिणीत शेवटी बुरशी शिरलीच. तुम्ही रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, रोज बांधावर जायचात आणि आतल्या बुरशीच्या जाळ्यातून बघायचात. मी तेव्हा घणसोलीला राहायचे, तुम्ही दोघं नेरूळला. मला वाटलं, बाबांना नवी घेऊन द्यावी, ऐटीत. दुकानदाराने काउंटरवर चार मांडल्या. एक घडीची, पर्समध्ये मावणारी, पण संध्याकाळी तिच्यातून काही दिसत नाही. एक झूमवाली, नुसता देखावा. एक आठपट, एक दहापट. "मॅडम, टेन बाय फॉर्टीटू घ्या, एट आता कोण घेतं?" आणि मी, सिग्नलवाल्याची मुलगी, मोठा आकडा बघून भुलले. जितकी पट जास्त तितकी हाताची थरथरही जास्त दिसते, म्हाताऱ्या हातांना सात किंवा आठच बरी, हे मला माहीत असायला हवं होतं. तुम्ही डबा उघडल्या उघडल्या म्हणालातच, "दहाची? हिला हात स्थिर लागतो गं." मला झोंबलं. म्हटलं, "आधी बघा तरी, मग बोला."

पण दहाचं नुसतं निमित्त, बाबा. खरी चूक आधीच होऊन गेली होती. तुम्हाला देण्याआधी आठवडाभर मी ती स्वतः वापरून पाहिली, घरून ऑफिसला जाताना, गॅलरीतून, कुठूनही. नव्या दुर्बिणीला मधे एक चाक असतं, ते दोन्ही डोळ्यांना एकदम हलवतं; आणि दोन डोळ्यांत फरक असेल तर तेवढ्यापुरतं उजव्या नळीवर एक बारीक कडं. मी ते माझ्या नंबरवर नेलं, टोकाला. ते सैल होतं, सरकायचं, म्हणून तुमच्यासारखीच काळी पट्टी गुंडाळली. काळ्या रबरावर काळी पट्टी. मग रविवारी डब्यात घातली, वर चकचकीत कागद लावला, आणि पट्टी साफ विसरून गेले. तुम्ही आयुष्यात मधल्या चाकाची दुर्बीण हातात धरली नव्हती. आत माहितीचा कागद होता, पण तीस वर्षं जहाजं वाचलेल्या माणसाला मी काय वाचून दाखवणार, असं म्हणून मी तो काढूनच ठेवला होता.

त्याच सकाळी आपण बांधावर गेलो. तुम्ही कठड्यावर कोपरं टेकलीत, चाक फिरवलंत, थांबलात, पुन्हा फिरवलंत. दुर्बीण खाली घेऊन डोळे पुसलेत. करावेतले ते म्हातारे कोळी मामा जाळं खांद्यावर टाकून आले आणि नेहमीसारखी चेष्टा करू लागले, "सिग्नल मास्तर, पानी उतरलं का पाखरा चिखलावं बसतान, त्याला यंतर कशाला? आमाला तं असंच दिसतंय!" एरवी तुम्ही त्यांना सोडलं नसतंत. त्या दिवशी नुसतं म्हणालात, "तुमचे डोळे चांगले आहेत, मामा." मी विचारलं, "दिसले ना?" तुम्ही म्हणालात, "हो, पुष्कळ आहेत." आणि दुर्बीण माझ्या गळ्यात घातलीत. मला वाटलं होतं, तुम्ही वाहवा कराल. मी घरी येईपर्यंत गाल फुगवून बसले, वय वर्षं छत्तीस.

महिन्याभराने तुम्ही डबा माझ्यापुढे ठेवलात. "तुझ्याकडेच असू दे. माझ्या दोन डोळ्यांचं आता एकमेकांशी जमत नाही. एकाला दिसलं की दुसऱ्याला दिसत नाही." मला हे कारण खोटं वाटलं. वाटलं, दहाची आणली म्हणून आडून बोलताय. मी तिथेच डबा उघडला, चष्मा वर केला, तुमच्या गॅलरीतून समोरच्या टॉवरवर दुर्बीण लावली आणि म्हणाले, "मला तर स्वच्छ दिसतंय, बाबा. तो रंगारी कुठला रंग कालवतोय तेसुद्धा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हो ना? मग बरंय." आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलंत. माझा तोरा असा होता की मी चहा न घेता निघाले.

पुढचं सगळं मला आईकडून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर. आजोबांचे डोळे काचबिंदूने गेले होते आणि शेवटची सात वर्षं ते गावाच्या घरात भिंत धरून हिंडत होते, हे तुम्ही पाहिलेलं. आपली पाळी आली असं तुम्ही मनाशी धरलंत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की म्हणायचात, "दिवाळीनंतर बघू", मग "संक्रांतीनंतर बघू". स्कूटर विकून टाकलीत. बांधावर जाणं बंद. आणि दुपारी आई आडवी झाली असेल तेव्हा तुम्ही डोळे मिटून घरात चालायला शिकत होतात. पलंगापासून मोरीपर्यंत किती पावलं, ओट्यावर साखरेचा डबा कुठला, चहाचा कुठला, गॅसचं बटण कुठे. आईने एकदा पाहिलं, तर तुम्ही तिलाच म्हणालात, "पोरीला सांगू नको. ती धावत येईल आणि ओरडेल." मी खरंच ओरडले असते, बाबा. तुम्हाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं, आणि दहा मिनिटांत सगळं कळलं असतं. दहा महिने तुम्ही चांगल्या डोळ्यांनी आंधळेपणाची तयारी करत होतात. मग हार्ट अटॅक आला आणि तासाभरात सगळं आटोपलं. डोळ्यांचा विषय तिथेच राहिला.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या एक बाई मागे लागल्या, फ्लेमिंगो बघायला चला, तुमच्याकडे दुर्बीण आहे म्हणे. मी डबा काढला. बांधावर मी आधी पाहिलं, मला स्वच्छ दिसलं. त्यांच्या हातात दिली. त्यांनी चाक इकडे तिकडे केलं आणि म्हणाल्या, "ताई, हिचा उजवा डोळा गेलाय वाटतं." मी म्हणणार होते, मला तर स्वच्छ दिसतंय. हेच शब्द मी तुम्हालाही ऐकवले होते. तेवढ्यात त्यांचं बोट नळीवरून फिरलं. "अहो, इथे पट्टी आहे. कोणी लावली ही?" इतक्या वर्षांत गोंद विरघळून काळा डिंक झाला होता, त्यांच्या बोटाला लागला. मी बांधावर खाली बसले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. पाणी दिलं, रिक्षा बोलावली. पाखरं न बघताच आम्ही परत आलो.

काल मी ती पट्टी सोडवली. खोबरेल लावून, हळूहळू, कारण भिंगाला तेल लागलं तर तुम्ही मला घरात घेतलं नसतंत. मग तुमची जुनी, बुरशीची, माळ्यावरून काढली. लाल ठिपका अजून आहे. डावं शून्यावर, उजवं शून्याच्या जेमतेम अर्धी रेघ अलीकडे. एवढाच होता तुमच्या दोन डोळ्यांत फरक. नव्या दुर्बिणीचं कडं मी तेवढ्याच खुणेवर आणलं आणि चष्मा वर करून गॅलरीतून पाहिलं. डाव्या डोळ्याला समोरच्या गच्चीवरची टाकी दिसते, तिच्यावरचा कावळा दिसतो. उजव्याला नुसता चिखल. चाक फिरवलं तर उजव्याला कावळा सापडतो आणि डावा जातो. दोघांचं जमत नाही. तुम्ही मला अगदी नेमकं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. मी गॅलरीत उभी राहून मोठ्याने रडले, खालून वॉचमनने वर पाहिलं तरी थांबता आलं नाही. तुमची माफी कशी मागायची हे मला कळत नाही. तुमच्यासमोर मी कधी मागितलेलीही नाही.

आई आता माझ्याकडेच असते. रडण्याचा आवाज ऐकून ती बाहेर आली. तिला दोन्ही दुर्बिणी दिसल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती तेच म्हणाली जे चौदा वर्षं म्हणत आलीय, तुमच्या फोटोला हार घालताना, पाहुण्यांपुढे, कधीकधी नुसतंच भाजी निवडताना. "रडू नको गं. सुटले ते. डोळे जायच्या आधी गेले हेच बरं झालं, नाहीतर त्यांना सोसलं नसतं." तुमच्या मरणात तिला सापडलेली बरी गोष्ट ही एवढीच आहे, बाबा. ती धरून ती एवढी वर्षं उभी आहे. पट्टीचा काळा गोळा माझ्या मुठीत होता. तुमचे डोळे शाबूत होते, हे सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं.

हे पत्र मी नव्या दुर्बिणीच्या डब्यात, पुड्यांच्या खाली ठेवणार आहे. आई तो डबा उघडत नाही. कडं मी शून्यावर आणून ठेवलंय. आणि काल आईच्या त्या "बरं झालं"ला मी "हो" म्हटलं. आईचा आधार जाऊ नये म्हणून म्हटलं, असं लिहायचं मनात होतं, पण तुमच्याशी आता खोटं नको. "हो" म्हटल्यावर मला हलकं वाटलं, बाबा. ते आईसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.