पांढऱ्यासाठी टाळ्या

रविवार, संध्याकाळ

घोड्यांची अडथळ्यांची शर्यत आज पहिल्यांदाच पाहिली. माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी शबाना घेऊन गेली, कारण तिचा भाऊ सलीम काळ्या घोड्यावर होता. मला मात्र पहिल्यापासून पांढराच आवडला. शेवटच्या कुंपणापर्यंत दोघे बरोबरीने आले. तिथे काळ्याचा पाय अडकला आणि तो सलीमसकट कोसळला. आणि मी? उभी राहून टाळ्या वाजवत ओरडले, "पांढरा जिंकला!" शबानाने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

सलीम लंगडत उठला. घोडा उठलाच नाही. सलीम त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या! इतकी कशी वाहवले?

परतताना रिक्षात माफी मागितली. "राहू दे गं," एवढंच ती म्हणाली. कॅम्पातल्या तिच्या घरी अम्मी दारातच उभ्या होत्या. सलीम ठीक आहे हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू घाबरली असशील ना, बेटा?"

मी बोलायच्या आत शबाना म्हणाली, "अम्मी, सलीमसाठी ओरडून ओरडून घसा बसलाय हिचा."

अम्मींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मान खाली घालून तो फिरवू दिला.