पडलेल्या माणसाचे तळहात

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र या बंदरात मिळालं. भाऊजींनी वर्षभरात सर्वांत जास्त विमे विकले म्हणून त्यांच्या कंपनीने सहल बक्षीस दिली, आणि एप्रिलमध्ये तुम्ही दोघं आमच्याच जहाजावर येणार, हे मी तीनदा वाचलं. त्यांचं अभिनंदन कर. मला आनंद झाला. पण तू मला ओळखतेस, आनंद झाला की पाठोपाठ मी धोके मोजायला बसतो.

म्हणून आधी कामाचं. घरच्या आजारपणाच्या विम्यात जहाजावरचा दवाखाना धरत नाहीत, आणि किनाऱ्यावर न्यायला हेलिकॉप्टर लागलं तर तेही नाही. प्रवासाचा वेगळा विमा घ्या, आणि दोघांचा मिळून एक नको. मागच्या फेरीत एक गृहस्थ दारू पिऊन जिन्यात बायकोच्या अंगावर कोसळले. तिची कंबर मोडली. विमा दोघांचा एकाच कागदावर. त्यांच्या रक्तात दारू निघाली आणि तिचीही भरपाई अडकली.

माझं बरं चाललं आहे. दवाखान्यात स्ट्रेचर उचलतो, फरशी पुसतो, आणि अक्षर सुवाच्य म्हणून जखमांची नोंदवही आता माझ्याकडे दिली आहे. आठवीत शाळा सुटलेल्याला एवढा मान पुष्कळ झाला. पानाच्या उजव्या बाजूला रुग्ण सांगतो ते शब्दांत लिहायचं. डाव्या बाजूला माणसाची छापील आकृती असते, तिला आम्ही बाहुली म्हणतो. तिच्यावर आपल्याला दिसतं ते लाल पेन्सिलीने खुणावायचं. डॉक्टरीणबाईंचा दंडक आहे, की उजव्या बाजूला आपली अक्कल चालवायची नाही आणि डाव्या बाजूला रुग्णाची.

परवा पाव भाजणाऱ्याने भांडी घासणाऱ्याच्या डोक्यात लोखंडी तबक घातलं, एका बुटांच्या जोडावरून. कान अर्धा लोंबत होता. बाई शिवत होत्या आणि मी डोकं धरलं होतं, तरी तो दारावर आपटलो म्हणूनच सांगत होता. मी तसंच लिहिलं. नंतर बाई म्हणाल्या, की पडणारा माणूस हात टेकतो, त्याचे तळहात सोलतात. मार खाणारा हात वर धरतो, त्याला कोपराखाली बाहेरून वळ येतात. याचे तळहात बघ, म्हणाल्या, नवरदेवाचे शोभतील.

तू न्हाणीघरात पडलीस त्याला सात महिने झाले. मनगट आता कसं आहे?

तुझा लोभ आहे म्हणून एवढा घोर लावायचं धाडस करतो. तो असाच राहू दे.

तुझा,
वेलांटी

*

दि. २१ फेब्रुवारी

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

शाळेत तू बाईंच्या फळ्यावरची वेलांटी दुरुस्त केलीस म्हणून तुला हे नाव पडलं. आता तू माझ्या सहलीतल्या वेलांट्या दुरुस्त करायला निघालास. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, मेहुण्याला जहाजावरून उतरवून आपल्या कचेरीत बसवू, गिऱ्हाइकं धास्तीनेच सह्या करतील.

वेगळ्या कागदांना मात्र हे राजी नव्हते. विमा विकणाऱ्याच्याच घरात नवराबायकोचे दोन कागद बघून लोक हसतील म्हणाले. पण ह्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे फॉर्म मीच भरते, हे तुला ठाऊक आहे. आमचेही मीच भरले, दोन भरले. सही करताना ह्यांनी खाली पाहिलं नाही. तुझ्या झोपेचं खोबरं केल्याचा ठपका मला नको.

बारीक अक्षरातलंही वाचलं. डॉक्टर, हेलिकॉप्टर, किनाऱ्यावरचं इस्पितळ, सगळं आहे. प्यायलेल्याला नाही. मारामारीत ज्याने स्वतः हात उचलला त्याला नाही. आणि एकाच कागदावरच्या एकाने दुसऱ्याला मारलं, तर त्या कागदावर कोणालाच नाही. बघ, लोक कसलाकसला विचार आधी करून ठेवतात.

मनगट बरं आहे. हे अक्षर वाकडं दिसेल, कारण उजव्या हाताची दोन बोटं कपाटाच्या दारात सापडली. लगेच बाहुली काढायला बसू नकोस. आणि जहाजावर माझ्याकडे टक लावून पाहू नकोस, ह्यांना ते खपत नाही. हे तापट आहेत, पण मनात काही ठेवत नाहीत.

काळजी कमी कर, लोभ तेवढाच ठेव.

तुझी,
ताई

*

दि. १९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इस्पितळाच्या पत्त्यावर लिहितो आहे. शस्त्रक्रिया झाली आणि तू शुद्धीवर आलीस, एवढंच बाईंना फोनवर कळलं. त्या दुपारचं तुला काय आठवतं हे मला माहीत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

सव्वातीनला खोल्या साफ करणाऱ्या बाईचा फोन आला, की तुमच्या खोलीच्या भिंतीवर काहीतरी आपटतं आहे आणि थांबत नाही. मी आणि नर्स स्ट्रेचर घेऊन पोहोचलो तेव्हा ते थांबलं होतं. दार भाऊजींनी उघडलं. त्यांनी शर्ट बदललेला होता आणि ते टॉवेलला हात पुसत होते. ते म्हणाले, की तुझी ताई न्हाणीघरात घसरली, तिला सवयच आहे.

तू न्हाणीघरात नव्हतीस. पलंग आणि भिंत यांच्या फटीत होतीस. टेलिफोन तारेसकट उपटलेला होता आणि त्याच्या कडेला तुझे केस चिकटले होते. एक डोळा पार मिटला होता, ओठ दातांनी आरपार फाटला होता. उचलताना माझा हात पोटाला लागला, तेव्हा तुझ्या तोंडून निघालेला आवाज माणसाचा नव्हता. मी स्ट्रेचर टेकवलं आणि भाऊजींच्या अंगावर गेलो. नर्सने माझा पट्टा धरून मागे ओढलं. ती म्हणाली, की हात दोनच आहेत, ते बहिणीला लागतील.

पोट फळीसारखं झालं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्लीहा फुटली आहे, आत रक्त साचतं आहे. हेलिकॉप्टर यायला पन्नास मिनिटं होती. तू माझी कॉलर धरून म्हणालीस, की पडले असंच लिही, नाहीतर घरी गेल्यावर हे मला जिवंत ठेवणार नाहीत. मी उजव्या बाजूला लिहिलं, की रुग्ण सांगते न्हाणीघरात घसरून पडले. आयुष्यात इतकं शुद्ध आणि इतकं खोटं वाक्य मी लिहिलं नव्हतं.

मग डावी बाजू राहिली. बाई रक्त चढवत होत्या आणि मला पान पुरं करायला सांगत होत्या. मी तुझे तळहात उलटून पाहिले. एक ओरखडा नव्हता. कोपराखाली मात्र दोन्ही हातांना बाहेरून वळ होते: ताजे तांबडे, त्याआधीचे निळे, त्याहून आधीचे पिवळे. तिन्हींना मी वेगवेगळे आकडे घातले. बरगडीवर बुटाच्या टाचेचा अर्धगोल होता, तो पट्टीने मोजला. कपाटाच्या दाराची दोन बोटं घेतली. मनगटही घेतलं, ते अजून वाकडं आहे. एकतीस खुणा झाल्या.

ते पान विमा कंपनीच्या डॉक्टरकडे जातं हे मला माहीत होतं. कप्तानाने भाऊजींना कुलपात ठेवलं आणि पुढच्या बंदरात पोलिसांच्या हवाली केलं.

रागावलीस तरी लोभातलं थोडं शिल्लक ठेव.

तुझा,
वेलांटी

*

दि. २ मे

वेलांटी,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही.

माझी प्लीहा काढली. टाके उसवतील म्हणून खोकायचंही नाही. काल कंपनीचा माणूस तुझं पान घेऊन आला. त्याने माझ्या चादरीवर आणखी सात कागद मांडले, आधीच्या वर्षांतले. न्हाणीघर, जिना, दार, पुन्हा न्हाणीघर. ज्या-ज्या वेळी हाड मोडलं त्या-त्या वेळी मी फॉर्म भरला होता, सगळे माझ्याच अक्षरात. त्याने सभ्यपणे विचारलं, की यांतल्या किती वेळा तुम्ही खरंच पडलात. मी भिंतीकडे तोंड केलं.

ह्यांना तीन दिवसांत जामीन मिळाला. हे घरी पोहोचले आहेत आणि माझी वाट पाहताहेत. कंपनी मला खोटारडी ठरवील ते वेगळंच. तू लाल पेन्सिल चालवलीस आणि पुढच्या बंदराला निघून गेलास. मी सांगितलं तेच लिहिलंस, आणि मग बाहुलीकडून सगळं वदवून घेतलंस. तुला कोणी सांगितलं होतं?

ताई

*

दि. १४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोणी सांगितलं नव्हतं. तुझं म्हणणं बरोबर आहे.

पण मला आणखी एक कबूल करायचं आहे. फेब्रुवारीत तुझ्या मनगटाची चौकशी केली तेव्हाही मला तळहातांचं ठाऊक होतं. आता कसं आहे, एवढंच मी विचारलं. कसं झालं, हे एकदाही विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

माझी भाड्याची खोली वर्षातले नऊ महिने रिकामी असते. किल्ली खालच्या घड्याळजीकडे आहे. त्याला लिहून कळवलं आहे. त्या घरी जाऊ नकोस. सोबत बाहुलीचं एक कोरं पान ठेवतो आहे. उजवी बाजू या वेळी तुझी तू भर, किंवा फाडून टाक.

लोभ मागायचं तोंड राहिलं नाही; पत्र मात्र पाठव.

तुझा,
वेलांटी

*

दि. ३० जून

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

तुझ्या खोलीत तीन आठवडे झाले. चमचे लांबीप्रमाणे लावून ठेवणारा पुरुष मी पहिल्यांदा पाहिला. मी ते मुद्दाम विस्कटले आहेत.

कंपनीला मी स्वतः आठ पानं लिहिली. सातही वेळचं आणि जहाजावरचं, तारखांसकट. त्यांनी ह्यांची एजन्सी काढून घेतली. माझा कागद वेगळा आणि मी हात उचलला नव्हता, म्हणून हेलिकॉप्टरपासून इस्पितळापर्यंत सगळं मंजूर झालं. एकच कागद असता तर काहीच नसतं. हे तुला सांगितलं की तू फुगशील, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

मंगळवारी दुपारी हे आले. दार ढकलून आत शिरले, माझे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळेला मी हात वर धरायच्या ऐवजी मूठ वळली आणि नाकावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. या वेळी तो माझ्या हाडाचा नव्हता. हे उठू लागले, तर मी पुन्हा मारली. घड्याळजी वर आला तेव्हा त्याच्या एका डोळ्याला भिंग तसंच होतं आणि हातात स्टूल होतं. तो म्हणाला, की ताई, आता पुरे, फरशी खराब होते आहे. पोलिसांनी ह्यांना नेलं, आणि जामिनाची अट मोडली म्हणून या वेळी सोडलेलं नाही.

मारामारीत स्वतः हात उचलला तर विमा मिळत नाही, हे मला पाठ आहे. बोटांच्या मलमपट्टीचे पैसे मी माझे दिले.

तुझं पान परत पाठवते. डाव्या बाजूला खुणा तीनच आहेत: डोक्यावर दोन आणि उजव्या मुठीवर एक. तळहात तपासले, ठीक आहेत. उजवी बाजूही भरली आहे. रुग्ण सांगते, की त्यांनी मारलं आणि मग मीही मारलं. न्हाणीघराचा यात काही संबंध नाही.

लोभ होता तिथेच आहे, तुझ्या चमच्यांसारखा इकडचा तिकडे झालेला नाही.

तुझी,
ताई