पत्र्याची तेरा अक्षरं

१२ जानेवारी, रविवार
बाबांनी रिंग रोडवरच्या गाळ्याचं शटर उघडून आठवडा झाला. वर पाटी नाही, कारण नाव ठरत नाही. आज ते काम माझ्याकडे आलं.

वस्तुस्थिती: बाबा आणि काका वेगळे झाले. सीताबर्डीचं दुकान आणि 'मैत्री कूलर्स' हे नाव काकांकडे. पाटीवरची पत्र्याची इंग्रजी अक्षरं बाबांकडे, कारण ती त्यांनी स्वतः कातरली होती. निळा रंग काकांनी दिला होता. ती पाटी मी जन्मायच्या आधीची. MAITRI COOLERS. आता बाबांना त्याच अक्षरांतून दुसरं इंग्रजी नाव हवंय.

"एकही वाया नाही गेलं पाहिजे."
"नवीन कापून घेऊ. लेझरवर. फाइल मी दहा मिनिटांत करते."
"बावीस गेजचा पत्रा आहे तो. मिळते का आता?"

मिळतो. मी पाहिलं.

१४ जाने., मंगळ.
COOLERS तसंच राहणार असं धरलं. उरली सहा: M A I T R I. शब्दकोशाची फाइल उतरवून घेतली, लंचमध्ये वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. सहाही अक्षरांचा इंग्रजी शब्द: शून्य.

बाबांना सांगितलं, असा शब्द नाहीच.
"नाही कसा? एवढी मोठी भाषा आहे."

१८ जाने., शनि.
अट सैल केली. दोन-तीन अक्षरं उरली तर उरली. यादी वाचून दाखवली.

TRIM. "न्हाव्याचं दुकान आहे का?"
MART. "किराणा."
AIM. "शिकवणीचा क्लास वाटते."
AIR. इथे थांबले. मग, "अन् बाकीचे तीन भंगारात देऊ?"

आईनं कागदाचे सहा तुकडे करून ओट्यावर मांडले. कणीक मळता मळता सरकवत होती. पाच मिनिटांत ओरडली, "इमरती! घे वं. इमरती कूलर्स. उद्घाटनाले वाटाले बी तेच!"

IMARTI. मिठाईचं नाव, इंग्रजी नाही. पण सहाही अक्षरं बसली. प्रोग्रामपेक्षा बरा निकाल. त्याचाच राग आला.

१९ जाने., रवि.
अक्षरं गोणपाटाच्या थैलीत, थैली दिवाणाखाली, तोंडाला सुतळी. मला हात लावू देत नाहीत. आज बाबांनी स्वतः त्यातून M काढला आणि उलटा धरला. "हा डब्ल्यू झाला का नाही? तू अक्षर पाहून राहिली. हा पत्रा आहे. कसाही फिरव."

मुद्दा बरोबर. प्रोग्रामला पत्रा कळत नाही. बदल केला. मिळालं: WAIT.

आई: "थांबा कूलर! मंग गिऱ्हाईक थांबनच."
बाबा हसले नाहीत. "अन् उरलेल्या आर-आयचं काय?"

यापुढे हे काम करणार नाही असं ठरवलं. जेवणानंतर पुन्हा बसले.

२५ जाने., शनि.
चार्जर घ्यायला सीताबर्डी. काकांच्या दुकानावरून जावंच लागतं. फ्लेक्स लावलाय, पिवळ्यावर लाल. वाचवत नाही. काकांनी हाक मारली, चहा मागवला.

"काय नाव ठेवून राहिला तुया बाप?"
"ठरलं नाही."
"कापाले दोन दिवस लागले होते त्याले. नावाले महिना?" मग कप ठेवत, "पाटी लागली का सांग वं मले."

काउंटरवर बिलांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून निळ्या पत्र्याचा तुकडा, पालथा. बोलताना काकांचा हात त्यावरच. घरी या भेटीबद्दल बोलले नाही. घरात काकांचा विषय निघत नाही.

३० जाने., गुरु.
जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. गाळ्यासमोरून दोनदा गेला, दुकान दिसलंच नाही. शेवटी कूलर काकांकडे दुरुस्तीला टाकला. बाबा म्हणाले, "बरं केलं." मग जेवले नाहीत.

महिनाभरात ऊन तापेल. तोवर पाटी लागली नाही तर या वर्षीचा सीझन गेला, आणि बहुतेक गाळाही. हे मी मोठ्या आवाजात सांगितलं. वर हेही, की तुम्हाला नाव नकोच आहे. बाबा टेबलफॅनची जाळी पुसत बसले. स्वच्छच होती.

२ फेब्रु., रवि.
चूक माझी. COOLERS ला हात लावायचा नाही, ही अट घातली कुणी? मीच. काढून टाकली. तेराही अक्षरं मोकळी सोडली.

MIST AIR COOLER.

शेवटचा S उचलून पुढे, बाकी किरकोळ हलवाहलव. काहीही उलटं करायचं नाही. एकही उरत नाही. तीनदा मोजलं.

बाबांना अर्थ सांगितला: धुकं, गार हवा. "चांगलं आहे." नंतर, "पाहू."

तीन आठवडे. आणि पाहू.

८ फेब्रु., शनि.
बाबा गाळ्यावर गेल्यावर सुतळी सोडली. अंगणात मांडलं.

MIST AI COOLER.

R एकच. थैली उलटी करून झटकली. बाराच. मी नाव मोजलं होतं, पत्रे मोजलेच नव्हते. ऑफिसात कुणी आलेली माहिती न तपासता काम सुरू केलं असतं तर मी काय बोलले असते, मला माहीत आहे.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाटी उतरवताना एक तुया काकाच्या हातात राह्यलं. त्यानं देलं नाही, यानं मांगितलं नाही."
"मला काहून नाही सांगितलं?"
"तू विचारलं का?"

काउंटरवरचा तुकडा. पालथा होता, पण एक पाय तिरपा होता. आता आठवतो.

बाबा आले, अंगणातच थांबले.
"एक कमी आहे. तुम्हाला माहीत होतं?"
"मोजूनच बांधले होते."
"कुठे आहे ते मी पाहिलंय. घेऊन येते."
"तू नको जाऊ."

मग घरात गेले. अक्षरं गोळा केली नाहीत. मीही केली नाहीत.

९ फेब्रु., रवि.
स. ११. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "रिव्हेट आणतो. पाटी ठोकाले लागतील." आईनं विचारलं, "जेवाले येता ना?" त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकलं.

रिव्हेट इतवारीत मिळतात. बाबा तिथूनच घेतात, नेहमी. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. चौकात स्कूटर सीताबर्डीकडे वळली.

आईनं झाडताना अंगणातली अक्षरं उचलली आणि पुन्हा तशीच मांडली. AI नंतर एक वीत जागा सोडली.

दीड वाजला. वरण दोनदा गरम केलं. फोन करायचा नाही, असं आई म्हणते. रिव्हेट आणायला एवढा वेळ लागत नाही.