दिवाळीची वाट बघू नको

लातूर,
१८ ऑक्टोबर २०१३

सौ. सुकन्यास,

सिंधुचा आशीर्वाद. तुमच्याकडं सोयाबीन निघालं असेल. इकडं ऊन पडून राहिलंय, दुपारी मधेच आभाळ भरून येतं आणि तसंच निघून जातं. माझी मेस बरी चालली आहे. पोरं दसऱ्याला गावी जाऊन आली, येताना घरचे लाडू घेऊन आली, आणि आता पुन्हा माझ्या वरणाला नावं ठेवून राहिली. क्लासच्या गल्लीत नव्या पाट्या लागल्या आहेत. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो दारापेक्षा मोठे.

इतक्या वर्षांत आपण एकमेकींना दोन ओळी लिहिल्या नाहीत. आता लिहिते, कारण फोन केला की शेषेराव उचलतात. हो, मी आता त्यांचं नाव घेते. हा कागद जन्नतबीच्या हाती देते. माझ्या शेजारी तिचं बांगड्यांचं दुकान आहे आणि ती तुमच्या भागात बांगड्या भरायला फिरते. सुकन्या वाचून होईपर्यंत तू उठू नको, तिचा हात धरून बस, असं मी तिला बजावलंय.

सुदर्शन सरकारी दवाखान्यात आहे हे तुला माहीतच आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना पाय घसरला, प्लास्टर घातलंय, दिवाळीला घरी येईल, असं तुला सांगितलंय हेही मला कळलं. तो जेवतो थोडं थोडं. काल निम्मी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. माझी मेस दुपारी जन्नतबीची सून हुमा सांभाळते, तोवर मी दवाखान्यात असते. खाटेजवळ खिडकी आहे. वारा येतो.

जूनमध्ये तू त्याला माझ्याकडं पाठवलंस, तेव्हा मला राग आला होता. तीन वर्षांचा होईस्तोवर ज्याला मी न्हाऊ घातलं, तो मला आई म्हणतो म्हणून तू माझी ट्रंक अंगणात ठेवलीस, आणि आता त्याच्या बारावीसाठी माझी मेस आठवली. पण तो दारात उभा राहिला आणि त्याचे कान आपल्या माहेरच्या दादांसारखे निघालेत हे बघून मी बाजूला सरले. त्याला माझं काही आठवत नव्हतं. गावात कुणी ना कुणी त्याला सगळं सांगितलं असणारच, पण त्यानं विचारलं नाही आणि मी काढलं नाही. चांगलं पोरगं आहे. ताट धुऊन ठेवायचा. मिक्सर बिघडला तर उघडून बसायचा.

क्लासात त्याला जमत नव्हतं. दर चाचणीनंतर पोरांच्या तुकड्या बदलतात, आणि तो खाली खाली सरकत शेवटच्या तुकडीत गेला. तिथं पंखा पण नाही म्हणत होता. हे तो तुम्हाला सांगू शकला नाही.

भूकंपाला वीस वर्षं झाली म्हणून तुमच्या गावात कार्यक्रम झाला ना, दिवे लावले, नावं वाचली. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेषेराव लातूरला आले. आधी क्लासात गेले. तिथून माझ्या मेसमध्ये आले, तेव्हा पंगत बसलेली होती. सुदर्शनला त्यांनी ताटावरून उठवलं आणि सगळ्या पोरांसमोर पायातल्या चपलेनं मारलं. मारता मारता म्हणाले, "माझा व्यंकट असता तर आज डाक्टर झाला असता. देवानं नको ते पोरगं ठेवलं."

मी म्हणलं, "व्यंकटला मधी आणू नका."

"तू गप. तू कोन हायस?"

सुकन्या, व्यंकट माझ्या पोटचा होता. त्याला आणि शिवकांताला मी माझ्या हातानं दगडाखालून ओढलं. शिवकांता तर पोरगी, तिचं नाव ते कधीच घेत नाहीत. आणि माझ्या मेलेल्या लेकराची काठी करून त्यांनी तुझ्या जित्या लेकराला मारलं. पंगतीतलं एकही पोरगं उठलं नाही. सगळे खाली बघून जेवत राहिले. त्यांनाही बाप आहेत.

सुदर्शननं सांडलेलं वरण पुसलं, ताट धुतलं आणि वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गव्हातले खडे काढत होते, तेव्हा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मावशी, व्यंकट लई हुशार होता का?"

मी खरं ते सांगितलं. म्हणलं, "हुशार कुठला रे. शाळेच्या दारात भोकाड पसरायचा. आठ उलटा काढायचा. कोंबडीला भ्यायचा, तिला बघितलं की माझ्या पदरात शिरायचा. जगला असता तर काय झाला असता ते कुनाला ठाव. कदाचित तोबी शेवटच्याच तुकडीत बसला असता."

तो हसला. त्याचे दात दिसले मला. मला वाटलं, गेलं त्याच्या मनातलं. मी चहा टाकला, तो त्यानं घेतला. मग सगळी पोरं क्लासला गेली आणि मी पीठ मळायला बसले. मागच्या बाजूला आवाज झाला. मला वाटलं पत्रा पडला.

गच्चीवर दोरीला एकही कपडा नव्हता. बादली पण खालीच होती. तो घसरला नाही, सुकन्या.

आता पुढचं वाच. जन्नतबी आहे तिथं.

त्याचा मणका तुटला आहे. कमरेखाली त्याला कळत नाही. मी तळपायाला हात लावते आणि विचारते, तर तो माझ्या तोंडाकडं बघून अंदाज करतो. डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी गोड बोलून लपवलं नाही. चालण्याची आशा धरू नका म्हणाले. बसायला शिकेल, खुर्चीवर फिरेल, डोकं आणि हात शाबूत आहेत. त्यांनी हे शेषेरावांना माझ्यासमोर सांगितलं. शेषेरावांनी विचारलं, "मार्चच्या परीक्षेला बसंल का?" शेषेरावांनी टोपी घातली, खाटेजवळ न जाता जिना उतरले, आणि तेव्हापासून आलेले नाहीत.

मग गुरुपादप्पा आला होता, त्यांच्या भावकीतला. निरोप घेऊन. पोरगं तिथंच राहू द्या, सुकन्याला काही सांगू नका, ती लई रडते. एवढं बोलून तो उठेना. पाणी पिऊन झालं तरी बसून राहिला. मग म्हणाला, "वैनी, तुमच्यापासून लपवत न्हाई. शेषेराव जळकोटकडं पावने बघून आलेत. पोरगी गरिबाघरची हाय. शेतीला वारस पायजे म्हनून राहिले."

हे मी तुला का लिहिते ते सांगते. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी दोन्ही लेकरं गेल्यावर मला शिबिरात नेलं, दोन लेकरांवर नस बंद केली होती ती पुन्हा उघडायचं ऑपरेशन केलं, आणि ते लागलं नाही. मायनं बोलावलं म्हणून मी माहेरी आले, तर परसात मांडव पडत होता. पाहुणे कुणाचे विचारलं, तर म्हणाली, पीठ मळायला घे. मी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या. तुला हळद लागली तेव्हा मला कळलं नवरा कोण आहे. माय म्हणाली, "परकी आनन्यापेक्षा घरचीच बरी." तू खाली मान घालून बसली होतीस. अठराची होतीस तू. तुला विचारलं होतं का कुणी, हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.

म्हणून तुला आधी कळवते. तुझ्या हातात निदान लाटणं नसावं.

आणि खोटं कशाला बोलू, जळकोटचं लिहिताना मला बरं वाटलं. ज्या घरातून तू मला काढलंस त्या घरातून तुला काढणार, ह्याचं बरं वाटलं. मी पेन ठेवून ते बरं वाटणं बघत बसले. तेवढ्यात सुदर्शन खोकला. खोकताना त्याला धरून बसवावं लागतं, नाहीतर जीव घाबरा होतो. त्याला धरल्यावर ते गेलं.

तो मला मावशी म्हणतो. पण झोपेत आई म्हणतो. पहिल्या वेळी मी ओ दिली. त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि तोंड खिडकीकडं केलं. आता तो आई म्हणाला की मी गप बसते. लहान होता तेव्हा ती हाक माझी होती. आता नाही, एवढं मला समजतं.

त्याला वाटतं तुला सगळं कळलंय आणि तू रागानं येत नाहीस. मी सांगितलं, तिला ठाऊक नाही. त्यानं ऐकलं, पण पटलं नाही त्याला.

तर तू ये. दिवाळीची वाट बघू नको, विचारू नको, विचारलं तर येऊ देणार नाहीत. जन्नतबी परवा रविवारी तुमच्या फाट्यावरून सकाळच्या गाडीनं परत येईल, तिच्यासोबत बस. लुगडी दोनच आण, बाकीचं इथं आहे. पोरं जिथं जेवतात त्याच्या मागं माझी खोली आहे, त्यात तुझं अंथरूण मावेल. परत जायचं का नाही ते तू नंतर ठरव. इथं राहिलीस तर चुलीपाशी उभं राहावं लागेल, पोळ्या पुष्कळ असतात.

मी तुला माफ केलेलं नाही. तसं समजून येऊ नकोस. आल्यावर माझ्या पाया पडू नको, गळ्यात पडू नको. सरळ त्याच्या खाटेजवळ जा आणि त्याला हाक मार. त्याला डोळे मिटलेले असताना तुझा आवाज ऐकू येऊ दे.

मी दाराबाहेर थांबेन.

सिंधु