दिवटीविना गोंधळ

आबा, आज मी दिवटी न पेटवता गोंधळ घातला. अमेरिकेत, ट्रॉय नावाच्या गावी, एका शाळेच्या सभागृहात. तुम्ही असतात तर संबळाची काठी माझ्या पाठीत बसली असती, हे ठाऊक असूनही सांगतोय. टीव्हीवर दिसायला लागल्यापासून लोक मला विमानानं बोलावतात. विमानतळावर जोडे काढायला लावले, संबळाच्या पोटातही वाकून पाहिलं. ते सोसलं. पण पडदा उघडायच्या बेतात असताना मी दिवटीवर तेल ओतलं, तशा इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष काकू धावत आल्या. "दादा, प्लीज, पेटवू नका! फायर अलार्म वाजला तर सगळा हॉल रिकामा करतील, प्रोग्रॅम कॅन्सल!" आणि त्यांनी माझ्या हातात बॅटरीवर लुकलुकणारी प्लॅस्टिकची मेणबत्ती ठेवली. "लांबून खरीच वाटते हो." बाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. घाबरलो मीही होतो, पण तुम्हाला.

जत्रेतला तो तंबूवाला आठवतो? कनात पेटेल, दिवटी विझवा, म्हणाला. सगळ्या जत्रेचं काम होतं, उन्हाळाभराची कमाई. तुम्ही कवड्यांची माळ सारखी करता, संबळ खांद्याला अडकवता आणि निघता. मी मागून पळतोय आणि तुम्ही म्हणताय, "ज्योत नाही तिथं भवानी यायची नाही. मग नुसती बोंबाबोंब." त्या उन्हाळ्यात आई लोकांच्या रानात कांदे काढायला गेली. तिची पाठ धरली ती कायमची. दिवटी विझवायला हवी होती, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. आम्हां पोरांना तर तुमचा अभिमानच होता. रिकाम्या पोटीसुद्धा ताठ मानेनं चालायचो.

तर ती मेणबत्ती मी तबकात ठेवली आणि उभा राहिलो. वाटलं, आता आवाज फुटायचा नाही, भवानी तोंड फिरवणार. पहिली हाक चिरकलीच. पण दुसरी हाक उठली ती थेट छताला भिडली. एक आजोबा उभे राहून हमसून रडत होते, इंग्रजी बोलणारी पोरंही हात जोडून उभी. गोंधळ रंगला, आबा. तुमच्या कुठल्याही गोंधळाइतका रंगला.

खोलीवर आलो तर आनंदाऐवजी राग आला. तुमचा. ज्योतीवाचून हे सगळं होत असेल, तर आईची पाठ कशासाठी मोडली? फोनवर काकू "सुपरहिट झाला, दादा" म्हणत होत्या आणि मी हो हो करत होतो. हे पत्र धाडायला तुमचा आता पत्ता नाही, ते बरंच आहे. काकूंनी बांधून दिलेला डबा समोर उघडा पडलाय. आज माझं गाणं पडलं असतं, तर यातला घास गोड लागला असता.