तिसरा सेल

माळवाडी, हरसूल
११ मे २०२५

चि. सावळीराम यास लंकाअक्काचे अनेक आशीर्वाद.

घशाच्या ऑपरेशनात तुझा आवाज गेला हे ठाऊक असून परवा सवयीने तुला फोन लावला, आणि पलीकडे नुसता श्वास ऐकून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. भाजीची गाडी घेऊन नाशकाला जाणारा वाळू ते द्वारकेला तुझ्या बॅटरीच्या दुकानावर टाकील. तुझी साधना सांगत होती, तू आता पाटीवर लिहून भांडतोस. बरं आहे, अक्षर तरी सुधारेल.

काळजीचं लिहिते. सूनबाईला, मनीषाला, आठवा लागला. डॉक्टरांनी जुलैच्या मध्यावरची तारीख दिली आहे. त्या दिवसांत वाडीपासून डांबरीपर्यंत पाच किलोमीटर नुसता चिखल असतो, आपली फोर-व्हीलची जीप सोडली तर काही उतरत नाही. आणि ती जीप दिवाळीपासून छपरात उभी आहे. काल चावी फिरवली तर टक् आवाज झाला आणि गप्प. आमचा कुंदन आज रविवारचा सातपूरहून आलाय, तो म्हणे बॅटरीत ॲसिड ओतू. त्याचे वडील म्हणतात, मी घरीच चार्ज करतो, कोणाला विचारायची गरज नाही. ते 'कोणाला' म्हणजे तू. दिवाळीत तुमचं काय बिनसलं ते तुम्ही दोघंही सांगत नाही. मनीषा तर रोज छपरात जाऊन जीपकडे बघून येते. काय करायचं ते लगेच कळव.

तुझी,
लंकाअक्का

द्वारका, नाशिक
१४ मे २०२५

ती. लंकाअक्कास सावळीरामचा शि. सा. नमस्कार.

ॲसिड ओतू नका. बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड तिथंच राहतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. सात महिने गाडी उभी ठेवायची होती तर काळी वायर काढून ठेवायला हवी होती आणि महिन्याला एकदा चार्जिंग करायला हवं होतं. तसं न केल्यानं प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि बॅटरी आतून मरते.

पण हे सगळं पुढच्या वर्षासाठी. आत्ता ती बॅटरी चार्जिंगला लावू नका. काढताना आधी काळी वायर, मग लाल. वाळूच्या गाडीत उभी ठेवून माझ्याकडे पाठव. कारण विचारू नकोस. केरूदाजींना माझं नाव सांगू नकोस, वाटलं तर कंपनीत बदलून मिळते म्हण.

चार्जिंग होताना बॅटरीतून वायू निघतो, तो ठिणगीनं पेटतो. बंद खोली नको, जवळ विडी नको. ॲसिड अंगावर उडालंच तर वाहत्या पाण्यानं वीस मिनिटं धुवायचं, मधे थांबायचं नाही. लवकर पाठव.

तुझा धाकटा,
सावळीराम

नाशिक, सरकारी दवाखाना
१९ मे २०२५

चि. सावळीरामास आशीर्वाद.

तू इथून दोन किलोमीटरवर आहेस, तरी मी लिहितेय. समोर आलास तर मला बोलता येणार नाही.

तुझं पत्र पंधराला दुपारी पोचलं. मी यांना सांगितलं की बॅटरी कंपनीत पाठवायची. यांनी पत्रावरचं तुझं अक्षर ओळखलं आणि ती पाठवू दिली नाही. सतराला सकाळी मी पाण्याला गेले तेव्हा यांनी धान्याच्या खोलीत चार्जर लावला. पाऊस येईल म्हणून दार लोटलेलं. तासाभरानं हे बघायला गेले, तोंडात विडी. मला विहिरीवर आवाज आला. टायर फुटला असं वाटलं.

मी आले तर हे भिंतीला धरून उभे, चेहऱ्यावर ॲसिड, डोळे मिटलेले. डोळे चोळू देऊ नको एवढंच सुचलं. मनीषा हंडे ओढत होती, तिला ओरडून थांब म्हटलं, तरी थांबली नाही. मी वीस मिनिटं ओतत राहिले. शेजारची नवसाबाई मोबाईलवर वेळ बघत होती. हे म्हणत होते, बस झालं. मी ऐकलं नाही.

मग वाळू धावत आला. जीपला बॅटरीच नव्हती. त्याने सांगितलं, जुनी डिझेल गाडी आहे, उतारावर सोडली की पेटते. दहा माणसांनी ढकलली. तिसऱ्या धक्क्याला पेटली, आणि हरसूल येईपर्यंत त्याने ती बंद पडू दिली नाही.

उजवा डोळा वाचला. डाव्याचं सांगता येत नाही म्हणतात. डॉक्टरीण म्हणाल्या, पाण्यानं वाचला. म्हणजे तुझ्या पत्रानं. पण मला एक सांग, कारण विचारू नकोस असं तू का लिहिलंस?

लंकाअक्का

द्वारका
२० मे २०२५

ती. अक्कास नमस्कार.

दिवाळीला मी वाडीवर आलो तेव्हा जीपची बॅटरी तपासली होती. आतल्या सहा सेलांपैकी, म्हणजे कप्प्यांपैकी, तिसरा गेलेला होता. अशी बॅटरी चार्जिंगला लावली की चार्ज धरत नाही, तापते आणि जास्त वायू सोडते. हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं.

तेवढ्यात दाजी पाहुण्यांसमोर म्हणाले की सावळीरामाचा आवाज गेला ते बरंच झालं, आता घरात शांतता राहील. सगळे हसले. मी खिशातून वही काढली होती, ती परत ठेवली. ठरवलं, यांनी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. सात महिने वाट पाहत बसलो. तुझं पत्र आलं तेव्हाही खरं न लिहिता फिरवून लिहिलं, कारण लाज वाटली. तिसरा सेल गेलाय एवढे तीन शब्द लिहिले असते तर दाजींनी चार्जर लावला नसता.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. सगळं.

वाळूकडे नवी बॅटरी देतोय. दाजींना गाडी चालवता येणार नाही आणि कुंदन आठवडाभर नसतो. तू शीक. एक दिवसाआड अर्धा तास चालव, म्हणजे बॅटरी भरलेली राहील. टोकांवर व्हॅसलीन लाव. मी दवाखान्यात येऊन गेलो, दारातून बघून परतलो.

सावळीराम

माळवाडी
१६ जुलै २०२५

रा. रा. सावळीराम यांस केरूचा स. न. वि. वि.

डाव्या डोळ्यानं धूसर दिसतं. ओळी वाकड्या येतील, सांभाळून घ्या.

तुमचं पत्र तुमच्या अक्कानं दवाखान्यात मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा लय राग आला. दुसऱ्यांदा मी तिला थांबवलं ते त्या पाहुण्यांच्या ओळीपाशी. मी बोललो ते मला आठवतच नव्हतं. तुम्ही सात महिने धरून बसला होता, आणि मला आठवतसुद्धा नव्हतं. त्यानंतर दोन महिने लिहीन लिहीन म्हणत राहिलो.

परवा दुपारी मनीषाच्या कळा सुरू झाल्या. पाऊस धरलेला, वाळू नाशकात, कुंदन कामावर. तुमची अक्का चाकावर बसली. मी शेजारी, मनीषा आणि नवसाबाई मागं. अक्कानं चावी हातात धरली आणि फिरवेना. तिचे ओठ हलत होते. मग म्हणाली, "नाय पेटली तर?" मी म्हटलं, "सावळीरामानं दिलीय, पेटंल." पहिल्या फिरकीला पेटली.

ओढ्याच्या चढावर मागची चाकं रुतली. गाडी दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा तिथंच चिखलात परत सुरू झाली. मला रस्ता नीट दिसत नव्हता, मी नुसता पहिला गिअर, पहिला गिअर म्हणत होतो. हरसूलच्या दवाखान्यात पोचलो आणि पाऊण तासात मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. अक्का इंजिन बंद करून तशीच चाकावर बसून राहिली, तिला उतरवायला नवसाबाई लागली.

चूक तुमची होती, माझीही होती. कोणाची किती ते मोजत बसायचं नाही असं मी ठरवलंय. बारसं सत्तावीसला, रविवारी आहे. वाळू सकाळी सातला दुकानासमोर गाडी लावील. तुम्हाला घेतल्याशिवाय हलायचं नाही असं त्याला बजावलंय. साधनाताईंनाही आणा.

वाट पाहतो. जीव लावत होता तसाच लावत राहा.

आपला,
केरू