नेहाच्या नावाने आलेली सायकल

रविवार, १२ तारीख, संध्याकाळ

आज आलं: गहू ४२०, तूप ३१०, आणि नागपूरच्या भाऊजींनी नेहाच्या वाढदिवसाला मागवलेली डोंगरी सायकल, अठरा हजार. त्यातले नऊ हजार आमचे.

दांडा दोन पायांमध्ये घेऊन नेहा उभी राहिली तर टाचा जमिनीला टेकेनात. हँडल धरायला पोरगी पालथी पडल्यासारखी वाकते. भाऊजी फोनवर हसले, "वहिनी, सीट खाली करा, झालं." सीट खाली होते, पण दांडा होतो का? आणि हँडलचं अंतर? ते तर फ्रेममध्येच ठरलेलं. कोपऱ्यावरचा मिस्त्री बघताच म्हणाला, "भाभीजी, ये तो छह फुट के लड़के का फ्रेम है."

आमच्यात सहा फूट कोण? भाऊजींचा आर्यन. पुढच्या वर्षी शिकायला आमच्याकडेच राहणार आहे तो. नेहाची मापं मी स्वतः टेपने घेऊन पाठवली होती. मग ही चूक कशी म्हणू?

नेहा म्हणते, "मम्मी, छोड़ ना, चालवेन मी." इथे इंदिरापुरमच्या ट्रॅफिकमध्ये, पाय न टेकता?

बुद्धवंदनेला बसले तरी डोळ्यांपुढे तो दांडाच. खोटं बोलणार नाही असं पंचशील घेताना रोज म्हणते, तेव्हा खरं तेच लिहिणार. फोनवर ते हसण्यावारी नेतात, म्हणून पत्रच लिहिते: भाऊजी, सायकल बदलून नेहाच्या मापाची द्या, आर्यनची तुमच्या पैशाने घ्या. जमत नसेल तर आमचे नऊ हजार कधी देता आणि आर्यनच्या राहण्याची दुसरी सोय कुठे करता, दोन्ही उलट टपाली कळवा.